चौकट क्रमांक दहा

“त्या बद्रीनाथ बिल्डरच्या विमानाला सात अक्षरं, आन् आपल्या विमानाला तीनच? हे काय हाय, हसबनीस?”

सोनबाशेठनी फॉर्म टेबलावर आपटला. टेबल काचेचं, केबिन काचेची, अख्खी इमारतच काचेची. खराडीत जिथं ही अकरा मजली इमारत उभी होती, तिथं पंधरा वर्षांपूर्वी सोनबांच्या वडिलांची ज्वारी उभी असायची. आता खालच्या दहा मजल्यांवर पोरं-पोरी अमेरिकेची कामं करत आणि अकराव्या मजल्यावर सोनबाशेठ एसी इतका गार करून बसत, की अनंतराव हसबनीस वैशाखातसुद्धा हातविणीचा स्वेटर घालून यायचे.

“शेठ, ही काही लग्नातली मानाची पानं नाहीत,” अनंतराव म्हणाले. “मोजून द्यायची नसतात.”

अनंतरावांचा स्वभावच तसा. सरळ उत्तर दिलं तर पेठेत नाव खराब होईल, अशी त्यांना भीती असावी. एकतीस वर्षं त्यांनी लोहगावच्या विमानतळावर एका खिडकीमागे काढली. उडणाऱ्या प्रत्येक विमानाचा एक फॉर्म असतो. कुठून निघणार, कुठं जाणार, पेट्रोल किती, माणसं किती. वैमानिकानं तो भरून द्यायचा, खिडकीमागच्या माणसानं तपासायचा, मगच विमान हलायचं. अनंतरावांनी किती फॉर्म परत केले त्याला गणती नाही. एका कंपनीचा मिशीवाला कॅप्टन एकदा खिडकीशी म्हणाला होता, पेट्रोल अंदाजे चार तासांचं धरा. अनंतराव म्हणाले, “अंदाजे कोथिंबीर घेतात, कॅप्टन. पेट्रोल मोजतात.” रिटायर झाल्यावर सोनबाशेठनी विमान घेतलं आणि त्याचे कागद सांभाळायला या माणसाला नेमलं. खराडीच्या शेठला कसब्याचा कारकून! दोघांचं रोज वाजायचं, पण एकमेकांवाचून करमतही नव्हतं.

विमान छोटं, चार जणांचं, एकाच इंजिनाचं, तेही वापरलेलं. पण सोनबांनी त्यात हौसेनं उपग्रहावरून वाट दाखवणारा डबा बसवून घेतला होता. आणि आता भांडण होतं ते त्या डब्यावरून.

फॉर्मातली चौकट क्रमांक दहा. विमानात वाट काढायची कुठली यंत्रं आहेत ते तिथं लिहायचं. एकेका यंत्राला एकेक इंग्रजी अक्षर. रेडिओ आणि नेहमीची यंत्रं मिळून एस, जमिनीवरच्या खांबापासूनचं अंतर सांगणाऱ्या यंत्राचं डी, जुन्या होकायंत्रासारख्या एकाचं एफ. उपग्रहाच्या डब्याचं जी. अनंतरावांनी एस, डी आणि एफ एवढंच लिहिलं होतं.

“आपल्या डब्याला उपग्रह दिसतो का न्हाई?” सोनबांनी विचारलं.

“दिसतो.”

“एक का दोन?”

“काल नऊ दिसत होते.”

“नऊ! आन् तरी अक्षर न्हाई?”

“शेठ, तो डबा मोकळ्या आकाशात वाट दाखवायला आहे. ढगात शिरलं की त्याच्या भरवशावर जायची परवानगी नाही. विमानाच्या पुस्तकात तसं छापलंय. डब्यावर तशी पट्टीसुद्धा चिकटवलेली आहे. तिच्यावर तुम्ही खंडोबाचा स्टिकर लावलात.”

“देव महत्त्वाचा का पट्टी?”

“त्या चौकटीत आहे ते सगळं लिहायचं नसतं. यंत्र विमानात आहे का, चालतंय का, चालवणाऱ्याला येतंय का आणि वापरायची परवानगी आहे का. चारही ‘हो’ असेल तर अक्षर. आमच्या माळ्यावर तबला आहे. म्हणून मी पत्रिकेवर तबलजी छापून घेत नाही.”

आता एवढं ऐकून शहाणा माणूस गप्प बसला असता. पण सोनबांचंही एक दुःख होतं. येत्या शुक्रवारी त्यांच्या व्याह्यांच्या हॉटेलचं औरंगाबादला उद्घाटन होतं आणि त्या निमित्तानं विमान पहिल्यांदा शहराबाहेर जाणार होतं. पहिल्या ट्रॅक्टरची पावती, पहिल्या गाडीची पावती, पहिल्या इमारतीचा नकाशा, सगळ्यांना हळदीकुंकू वाहून सोनबांनी फ्रेम करून केबिनच्या भिंतीला लावलं होतं. पुढची फ्रेम या फॉर्माची. खिळा आधीच ठोकलेला होता. बाणेरचा बद्रीनाथ बिल्डर चहाला आला की त्या भिंतीपुढं हटकून उभा राहायचा. तो अक्षरं मोजणार, हे ठरलेलंच.

“सुरुचीबाईंना विचारलं का?” अनंतरावांनी विचारलं. सुरुची ही वैमानिक. तिशीची, कमी बोलणारी, कामाला चोख.

“इचारलं. ती म्हणती, काका लिहितील तेच.”

“मग झालं की.”

सोनबा खुर्चीतून उठले, खिडकीशी गेले, खाली बघितलं. मग आवाज एकदम मऊ करून म्हणाले, “हसबनीस, विमानात चार जागा हायत. सुरुची, मी, आमची दुर्गाबाई. चौथी मोकळी हाय. म्या म्हनत होतो, तुम्हीच चला. आं? एकतीस वर्षं दुसऱ्याला धाडलं, एक दिस सवता चला. पण अक्षर टाकायचं. न्हाईतर मेव्हणा हायच बोंबलत, त्याला नेतो.”

अनंतराव काहीतरी बोचरं बोलायला गेले आणि त्यांना काही सुचेना. असं त्यांचं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

कारण असं, की अनंतराव हसबनीस जन्मात कधी विमानात बसले नव्हते.

एकतीस वर्षं विमानं सोडली आणि पाय एकाही विमानाच्या पायरीला लागला नाही! आधी ऐपत नव्हती. सरकारी सवलतीत दर दोन वर्षांनी आगगाडीनं कुठंतरी जाऊन यायचे. मग तिकिटं स्वस्त झाली आणि कसब्यातलं कुत्रंमांजर दिल्ली-बंगलोर करायला लागलं. गिरणीवाला बँकॉकला जाऊन आला. पण तोवर अनंतरावांनी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला होता. गल्लीत कुणी विमानप्रवासाच्या गप्पा हाणायला लागलं, की ते नाक उडवून म्हणायचे, “आम्ही रोज चाळीस सोडतो. आम्हाला त्याचं काय कौतुक!” लोकांचा समज झाला की हे शेकडो वेळा बसलेत. अनंतरावांनी तो समज मोडला नाही. मग तिकीट काढणार कुठल्या तोंडानं? खिडकीशेजारी बसून बाहेर बघत राहिले आणि कुणी ओळखीचं भेटलं, तर? नाकानं कांदे सोलण्याचं हे असं असतं. शेवटी पाणी स्वतःच्याच डोळ्यांना येतं.

आणि बसायची इच्छा तर अशी होती, की बोलायची सोय नाही. रोज संध्याकाळी साडेपाचचं विमान पेठेवरून गेलं की हा सहासष्ट वर्षांचा गृहस्थ हातातलं काम टाकून गॅलरीत यायचा. तांबट आळीतली ठोकाठोक चालू असायची, त्यातूनही त्यांना इंजिनाचा आवाज बरोबर ऐकू यायचा.

त्या दिवशीही ते गॅलरीत उभे होते. आनंदीबाई चहा घेऊन आल्या. त्यांना सगळं माहीत होतं, अर्थात. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोपासून एवढं लपत नाही.

“अहो, त्या एका अक्षरानं विमान पडणार आहे का?” सगळं ऐकून त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग वाट चुकणार आहे?”

“नाही. सुरुची जुन्या यंत्रांवर जाते. ती उत्तम जाते.”

“मग लिहा आणि बसा. बायका मला विचारतात, काका एवढे विमानानं फिरले, तुम्ही कशा नाही गेलात. मी किती वर्षं सांगू, मला चक्कर येते म्हणून? मला साधा झोपाळासुद्धा लागत नाही.”

“ते खोटं होईल.”

“आजवर गल्लीत मिरवलंत ते तरी खरं होतं का?”

अनंतरावांनी चहा बशीत ओतला आणि तसाच ठेवला.

शुक्रवारी सकाळी सातला ते लोहगावला पोचले. इस्त्रीचा शर्ट, नवी चप्पल. आकाशात पांढरे ढग, एकमेकांना चिकटलेले. सुरुची विमानाला फेरी घालून पंखा, चाकं, पेट्रोल तपासत होती. सोनबा आणि दुर्गाबाई नारळ, उदबत्त्या आणि पेढ्यांचा पुडा घेऊन उभे होते.

अनंतरावांनी कोऱ्या फॉर्मावर एस लिहिलं. डी लिहिलं. एफ लिहिलं. मग पेन उचलून आजूबाजूला बघितलं, चोरासारखं. आणि जी लिहिलं. अक्षर इतकं सुबक आलं, की त्यांना स्वतःचाच राग आला.

मनाशी हिशोब असा, की कोण विचारणार आहे? औरंगाबादची वाट जमिनीवरच्या यंत्रांवरून धोपट आहे, पाऊण-एक तासाचं काम. फॉर्म संध्याकाळी फ्रेममध्ये जाईल. संपलं.

सुरुची हात पुसत आली. सही तिनं करायची असते, कारण विमानाबद्दल फॉर्मात जे लिहिलंय त्याला उत्तरदायी तीच. तिनं पेन घेतलं, तारीख बघितली, सही केली.

“वाचा तरी,” अनंतराव म्हणाले. का म्हणाले देव जाणे.

“तुम्ही लिहिलंय ना, काका,” सुरुची म्हणाली आणि निघून गेली.

खिडकीमागे आता अवधूत असायचा. हा मुलगा नोकरीला लागला तेव्हा अनंतरावांनीच त्याला दोन वर्षं घासून-पुसून तयार केला होता. त्यानं फॉर्म घेतला, मधे कुठंही न थांबता शिक्का मारला आणि हसून म्हणाला, “तुमचा फॉर्म मी काय तपासणार, सर! बसा, चहा मागवतो.”

“आज नको,” अनंतराव म्हणाले. “आज मी जातोय.”

“मजा आहे तुमची! परत एकदा,” अवधूत म्हणाला. त्याचाही तोच समज होता.

मग पूजा झाली. सोनबांनी आपल्या प्रतीला हळदीकुंकू वाहिलं, बोटानं एक, दोन, तीन, चार मोजलं आणि समाधानानं मान हलवली. दुर्गाबाईंनी चाकापुढं नारळ फोडला, त्यातलं पाणी अनंतरावांच्या नव्या चपलेवर उडालं. सगळे बसले. पुढं सुरुची आणि सोनबा, मागं दुर्गाबाई आणि अनंतराव. कानाला ते मोठाले हेडफोन लावले आणि अनंतरावांना रेडिओवरचं सगळं ऐकू यायला लागलं. आयुष्यभर खिडकीमागून ज्या आवाजांची त्यांनी नुसती कल्पना केली होती, ते आवाज.

विमान धावलं. जमीन सुटली.

अहो, काय सांगावं! अनंतरावांना जे काही वाटलं ते सांगायला त्यांच्याकडे एकही तिरकस शब्द नव्हता. येरवड्याच्या जेलच्या भिंती काडेपेटीएवढ्या झाल्या. नदी दिसली, तिच्यावरचे पूल दिसले. त्यांनी काचेला नाक लावलं, अगदी पोरासारखं, आणि कसबा शोधायला लागले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

“अवो, रडताय व्हय?” दुर्गाबाईंनी विचारलं.

“वारा लागतोय.”

“काच तर बंद हाय.”

विमानानं वळण घेतलं, पंख आडवा आला आणि पाठोपाठ सगळं पांढरं झालं. ते ढगात शिरले होते. कसबा राहिलाच. पण अनंतरावांना त्याचंही काही वाटलं नाही. ढगसुद्धा पहिलाच होता.

चार-पाच मिनिटं गेली असतील. रेडिओवर जमिनीवरच्या नियंत्रकाचा आवाज आला, शांत, पण घाईचा. मुंबईकडून एक प्रवासी विमान खाली उतरत होतं. त्याला वाट मोकळी करायला हवी होती. तेव्हा तुम्ही ठरलेली वाट सोडा आणि इथून सरळ अमुक नावाच्या ठिकाणाकडे निघा.

ते ठिकाण म्हणजे हवेतला एक ठिपका. खाली खांब नाही, दिवा नाही, काही नाही. उपग्रहाच्या यंत्राशिवाय तो सापडत नाही.

“आम्हाला जमणार नाही,” ती रेडिओवर म्हणाली. “उपग्रहाच्या यंत्रावर ढगात जायची परवानगी नाही.”

“तुमच्या फॉर्मात जी आहे,” आवाज म्हणाला.

“नाही.”

“माझ्यासमोर आहे. एस, डी, एफ, जी.”

बोंबला! कोण विचारणार, म्हणता म्हणता बरोबर त्याच अक्षराला कुणीतरी आवाज दिला होता. नियंत्रकानं चौकट दहा वाचली होती, तिच्यावर विश्वास ठेवला होता आणि त्या हिशोबानं दुसऱ्या विमानाला खाली यायला सांगितलं होतं. वाचणारा असा कुणीतरी असतो म्हणूनच तर ते एकतीस वर्षं लोकांचे फॉर्म परत करत होते!

नियंत्रकाचा आवाज आता घाईत दुसऱ्याशी बोलत होता. त्या मोठ्या विमानाला त्यानं उतरणं थांबवायला सांगितलं, वळवलं, परत वर पाठवलं. त्यात दीडशे माणसं असतील, सीटबेल्ट लावून, घरी फोन करायच्या तयारीत. मग त्यानं सुरुचीला आहे त्या दिशेनं, आहे त्या उंचीवर राहायला सांगितलं. सुरुचीनं सगळं परत म्हणून दाखवलं. हात स्थिर होते, फक्त मान लाल झाली होती.

“शेठ, तुम्ही घातलंत का ते अक्षर?” तिनं विचारलं.

सोनबांनी खंडोबाच्या स्टिकरकडे बघितलं. “म्या? म्या लिहीत न्हाई काय.”

“मी लिहिलं,” अनंतराव म्हणाले.

सुरुची मागं वळली नाही. ढगात तिला समोरच्या यंत्रांवरून नजर काढता येत नव्हती. तशीच म्हणाली, “काका, त्या फॉर्मात अजून काय काय खोटं आहे?”

“काही नाही. शप्पथ. बाकी सगळं खरं आहे.”

“पेट्रोल?”

“खरं आहे.”

“मला आता ते कसं कळणार?” ती म्हणाली. तिनं रेडिओचं बटण दाबलं आणि लोहगावला परत यायची परवानगी मागितली.

सोनबांनी आरडाओरडा केला. व्याही, फीत, मंत्री, स्वागताध्यक्ष, सगळ्यांची नावं घेतली. दुर्गाबाईंनी पेढ्याचा पुडा मांडीवर घट्ट धरला आणि म्हणाल्या, “गप बसा जरा. ती बाई इमान चालवती का तुमची समजूत काढती?” अनंतराव आता बाहेर बघत नव्हते. विमान ढगातून खाली आलं, सगळं पुणं पंखाखालून गेलं, आणि त्यांची नजर आपल्या चपलेवरच्या नारळाच्या डागावर होती.

खाली उतरल्यावर अवधूतच्या खोलीत सगळे उभे राहिले. खुर्च्या होत्या, पण कुणी बसलं नाही. अवधूतसमोर तो फॉर्म होता आणि एक कोरा कागद होता.

“प्रवासी विमान वळवावं लागलं,” तो हळू म्हणाला. “लेखी खुलासा पाठवावाच लागेल. सही मॅडमची आहे. म्हणजे, चौकशी होईपर्यंत लायसन्स...”

सुरुचीनं मान हलवली. “मी वाचलं नाही. माझी चूक आहे.”

तिनं हे लायसन्स कसं मिळवलं ते अनंतरावांना ठाऊक होतं. बारामतीला भाड्याच्या खोलीत राहून, उड्डाणाचं शिक्षण दोनदा थांबवून, तिसऱ्यांदा पुरं करून. कागद त्यांनीच तर लावून दिले होते.

“हात्तिच्या, त्यात काय!” सोनबाशेठ म्हणाले. “लिहा की, कम्प्युटरनं चूक केली. सॉफ्टवेअरवर ढकला. आमची अख्खी खराडी त्याच्यावरच पोट भरती.”

“फॉर्म हातानं लिहिलाय, शेठ,” अवधूत म्हणाला.

“मग लिहा, पेन घसरलं.”

अवधूतनं अनंतरावांकडे बघितलं. त्याला गुरूला वाचवायचं होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. “सर, आधीचा एखादा फॉर्म बघून उतरवताना नजरचूक झाली, असं लिहिलं तर चालेल. नजरचूक कुणाचीही होते. मॅडमना ताकीद मिळेल फक्त. तुम्हाला तर कुणी काही म्हणणारच नाही. तुमचं नाव आहे इथं.”

सुटकेचं दार उघडं होतं. स्वतःला दोष न लागता बाहेर पडता आलं असतं. नजरचूक! अनंतरावांनी आयुष्यात ज्यांना ज्यांना खिडकीतून परत पाठवलं, त्या सगळ्यांनी हेच म्हटलं होतं. आणि सुरुचीला ताकीद मिळणार, म्हणजे तिच्या नावावर डाग राहणार, तोही त्यांच्या हौसेचा.

त्यांनी कोरा कागद ओढून घेतला, उभ्या उभ्याच लिहिलं आणि अवधूतपुढं सरकवला. अवधूतनं वाचलं. मग सुरुची बघत होती म्हणून मोठ्यानं वाचलं.

“जी हे अक्षर मी जाणूनबुजून लिहिले. विमानातील यंत्रास ढगात वापरण्याची परवानगी नाही हे मला ठाऊक होते. अक्षर घातल्याशिवाय मला विमानात बसायला मिळाले नसते. मी यापूर्वी कधीही विमानात बसलो नव्हतो व मला बसण्याची फार इच्छा होती. वैमानिक बाईंनी माझ्यावर विश्वास ठेवून फॉर्म वाचला नाही. अनंत हसबनीस.”

अवधूतनं कागद खाली ठेवला.

“सर, कधीच नाही?” अवधूतनं विचारलं. “एकदाही?”

“नाही.”

“पण तुम्ही तर...”

“मी काही म्हटलं नव्हतं. तुम्ही समजलात, मी समजू दिलं.”

सोनबाशेठनी डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली. अक्षराच्या बदल्यात जागा त्यांनीच देऊ केली होती, त्यातलं कागदावर काहीच आलं नव्हतं. “माझं बी नाव टाका की त्यात,” ते पुटपुटले.

“लिहिणारा मी होतो,” अनंतराव म्हणाले.

“अवो, मग खाली नीट बघितलं तरी का?” दुर्गाबाईंनी विचारलं. त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

“येरवड्यापर्यंत बघितलं.”

अवधूतनं कागद घडी करून फाईलला लावला. मग बराच वेळ टेबलावरची रबरं, टाचण्या सारख्या करत राहिला. शेवटी म्हणाला, “सर, तुमचा पास.” गळ्यातला पास काढून अनंतरावांनी टेबलावर ठेवला. आता या खिडकीवर त्यांचा कागद चालणार नव्हता. ते अवधूतला वेगळं सांगायला लागलं नाही आणि त्यांनाही विचारायला लागलं नाही.

सुरुचीचं काय होणार ते आठवड्याभरानं ठरणार होतं. पण अवधूतनं तो खुलासा फोनवर वाचून दाखवला, तेव्हा वरच्या साहेबांनी एवढं सांगितलं, की आजचं उड्डाण थांबवायचं कारण नाही. फॉर्म नव्यानं भरा, बरोबर भरा.

सुरुचीनं कोरा फॉर्म घेतला. अनंतराव टेबलाच्या अलीकडे होते, ती पलीकडे. या विमानाचा फॉर्म तिनं आजवर कधी स्वतः भरला नव्हता. तिनं सावकाश सुरुवात केली. एकेक रकाना भरला की पेनाचं टोक परत त्याच्यावरून फिरवायची. पेट्रोलच्या रकान्याशी थांबली, उठून बाहेर गेली, विमानाच्या टाकीत पट्टी घालून स्वतः मोजून आली आणि मगच आकडा लिहिला. तोच आकडा आला. चौकट दहापाशी तिनं एस लिहिलं, डी लिहिलं, एफ लिहिलं आणि पेन उचललं.

अनंतरावांचा हात सवयीनं पुढं गेला, तपासायला.

“थँक यू, काका,” सुरुची म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिनं फॉर्म त्यांच्या हाताशेजारून अवधूतकडे दिला. “अवधूत, नीट वाचून घे.”

अवधूत पहिल्या ओळीपासून वाचायला लागला.